आत राहिलेली गोळी आणि आरपार गेलेली गोळी

गोळी आरपार गेली की माणूस थोडक्यात बचावला आणि आत अडकली की ती काढल्याखेरीज तो जगत नाही, अशी समजूत सर्रास आढळते. चित्रपटांतल्या चिमट्याने तिला बरेच खतपाणी घातले आहे. वास्तविक गोळी कोणत्या मार्गाने गेली, वाटेत काय फाटले आणि रक्तस्राव किती लवकर थांबला, यांवर जीव अवलंबून असतो. मांडीच्या स्नायूंतून आरपार गेलेल्या गोळीतून माणूस सहज बरा होऊ शकतो. तीच बोटभर सरकून मुख्य धमनी छेदून गेली आणि जखम दाबून धरायला कोणी नसले, तर काही मिनिटांत प्राण जातात. त्यात रायफलची गोळी पिस्तुलाच्या गोळीहून दुप्पट-तिप्पट वेगाने येत असल्याने, आरपार जातानाही ती मार्गाच्या आजूबाजूचे यकृतासारखे नाजूक अवयव फाडते.

आत राहिलेली गोळी किती निरुपद्रवी असू शकते, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या मृत्यूवरूनच दिसते. २ जुलै १८८१ रोजी त्यांच्या पाठीत शिरलेली गोळी मज्जारज्जू चुकवून स्वादुपिंडाजवळ जाऊन बसली. डॉक्टरांनी मात्र न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत घालून तिचा शोध चालवला, तोही मुख्यतः उजव्या बाजूला. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत तेव्हा १४ वर्षांची जुनी झाली होती, तरी ती पाळली गेली नाही. ग्रॅहम बेल यांनी धातू शोधण्याचे यंत्र आणले, तेही फसले. जखमेत पू होऊन गारफील्ड खंगत गेले आणि १९ सप्टेंबरला वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, ऊतींच्या आवरणात बंदिस्त झालेली सापडली.

याउलट १४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकीत माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीवर झाडलेली गोळी खिशातली चष्म्याची धातूची डबी आणि घडी घातलेले ५० पानी भाषण भेदता भेदता मंदावली व छातीच्या भिंतीतच थांबली. रूझवेल्ट तासाहून अधिक वेळ बोलले आणि मगच रुग्णालयात गेले. तिथे क्ष-किरणांनी गोळीची जागा कळल्यावर, तिला हात लावण्यातच अधिक धोका आहे असे ठरवून डॉक्टरांनी ती तशीच ठेवली. १९१९ मध्ये ते वारले तेव्हाही ती आतच होती.

आजही शल्यचिकित्सक अनेकदा हेच करतात. गोळी सांध्यात असेल तर मात्र ती काढतात, कारण सांध्यातील द्रवात शिसे विरघळून सांधा झिजतो आणि विष रक्तात भिनते.