डबल लिफ्ट, करंगळीचा ब्रेक आणि सफाईचे माप : पार्श्वभूमी

डबल लिफ्टपूर्वी, म्हणजे वरची दोन पाने एकच म्हणून उलटण्यापूर्वी, करंगळीने ब्रेक (पानांखाली धरलेली बारीक फट) घ्यावा की घेऊच नये, हा वाद वरवर किरकोळ वाटतो. पण पत्त्यांच्या जादूत हात ‘साफ’ आहे असे केव्हा म्हणायचे, हा शंभर-सव्वाशे वर्षांचा जुना प्रश्न शेवटी तिथेच येऊन अडतो.

पत्त्यांच्या युक्त्या १५८४ मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तकातही सापडतात. हे चेटूक नव्हे, एवढेच त्यातून पटवून द्यायचे होते. पुढे युरोपच्या रंगमंचावर पास (कॅटच्या वरच्या आणि खालच्या भागाची गुपचूप अदलाबदल) आणि पाम (पान तळहातात लपवणे) यांवर जादूगारांची मोठी भिस्त होती. प्रेक्षक लांब बसलेला, त्यामुळे वेग आणि नजर वळवणे एवढ्यावर बरेच निभावून जाई.

आजचे माप खरे म्हणजे १९०२ सालच्या शिकागोतून आले. तिथे टोपणनावाने निघालेल्या एका पुस्तकाचा लेखक कोण, हे अजून निर्विवाद ठरलेले नाही. ते पुस्तक जुगाराच्या टेबलावरून लिहिलेले आहे, आणि तिथे समोरच्याचे पैसे पणाला लागलेले असतात. हात एकदम चपळ झाला की तेवढ्यानेच संशय येतो. म्हणून पिसणे, काटणे, वाटणे ही कामे खरी असोत वा खोटी, दिसायला एकच हवीत, असा त्याचा आग्रह. पासबद्दल तर त्याने स्पष्टच लिहिले आहे, की खेळातल्या नेहमीच्या हालचालीत विरघळून जाईल असा पास अजून कोणी शोधलेला नाही. पासवरच ज्यांची सगळी कला उभी होती, त्यांना हे वाचताना काय वाटले असेल!

पुढच्या पिढीतले काही जादूगार मग जुगाऱ्यांचाच माग काढू लागले. कॅटच्या मधूनच पान वाटणारा एक माणूस आहे, असे कळल्यावर १९३२ मध्ये एक जादूगार त्याला शोधत मिसुरीतल्या छोट्या गावी पोचला. वरचे पान वाटतानाची आणि मधले वाटतानाची हालचाल एकच दिसणे, ही त्या काळातल्या सफाईची परिसीमा होती. पासचे बरेचसे काम याच काळात पिसण्यातून आणि दुहेरी कटमधून होऊ लागले.

डबल लिफ्टने मात्र सगळ्यांचीच पंचाईत केली. दोन पाने एक म्हणून उलटायची, एवढीच करामत. ब्रेकवाल्यांचे म्हणणे असे : वरच्या दोन पानांखाली करंगळीचे टोक आधीच सरकवा, फट जेमतेम असू द्या, मग उजवा हात न अडखळता येतो आणि पाने उचलतो. विरोधकांचे म्हणणे असे की खरा चोर त्या तयारीतच आहे. अंगठ्याने दोन पाने किंचित पुढे सरकवून मागे ओढताना करणाऱ्याची नजर क्षणभर कॅटवर जाते, आणि बघणाऱ्याला तेवढे पुरते. त्यांचा उपाय म्हणजे बोटाने कोपऱ्यावर टोकरून दोन पाने थेट उचलणे. पण कधी एकच पान येते, कधी तीन, आणि त्या धास्तीनेच मनगट ताठते.

मला दोन्ही बाजू अर्ध्यावर थांबलेल्या वाटतात. एकटे पान तुम्ही कसे उलटता, हे आधी ठरायला हवे. एकटे पान अंगठ्याने सहज ढकलून उलटणारा हात दोन पानांच्या वेळी चिमटीत धरून जपून उलटत असेल, तर ब्रेक कितीही बारीक असला तरी फरक दिसतोच. हे ओळखून अनेकांनी उलटा मार्ग धरला : डबलसाठी एक ऐटबाज पद्धत बसवली आणि एकटे पानही तसेच उलटू लागले. सारखेपणा साधला खरा, पण पत्ते खेळणारा कोणीही पान तसे उलटत नाही. १९०२ च्या नियमातले अक्षर पाळले गेले, मर्म निसटले.

फॅरो शफलचे तेवढे सोपे आहे. बावन्न पाने एकाआड एक गुंफताना सर्वांत वरचे आणि खालचे पान जागेवर राखले, तर आठ अचूक फेऱ्यांनंतर कॅट मूळ क्रमात परततो. फेरी चुकली की क्रमच सांगतो. डबल लिफ्टला असा पुरावा नाही.

व्हिडिओ कॅसेट आल्या तेव्हा पुस्तकातल्या रेखाचित्रांत न मावणारी लय प्रथमच घरबसल्या बघता आली. २०१३ पासून मोबाइलवर स्लो मोशन आले आणि सरावाचे ओझे आरशावरून कॅमेऱ्यावर गेले. त्याने एक जुनी खोड उघडी पाडली : ऐन करामतीच्या क्षणी करणाऱ्याचे डोळे आपोआप मिटतात, त्यामुळे आरशासमोर त्याला स्वतःची चूक दिसतच नसे. उलट, एकाच कोनातून शंभर वेळा चित्रित करून निवडलेला निर्दोष तुकडा आता नमुना मानला जातो. डाव्या बाजूला बसलेल्या माणसाला ब्रेकची फट दिसते का, याचा हिशेब त्या तुकड्यात नसतो. त्यामुळे अलीकडे काही शिकवणारे सलग, न कापलेले चित्रण मागतात, तेही दोन बाजूंनी, आणि त्यात एकटी पाने उलटणेही मिसळायला सांगतात.