लस, सही आणि अर्धवट राहिलेले डोस

पालकसभेत एचपीव्ही या विषाणूवरच्या, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणाऱ्या लसीचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. एक सगळ्यांसमोर: "पोरगी आत्ता कुठे सातवीत गेली, एवढ्यात कशाला?" दुसरा सभा उठल्यावर, बाईंना बाजूला घेऊन: "पुढं मूलबाळ व्हायला काही अडचण नाही ना?" सुई जिच्या दंडात टोचायची, तिला मात्र लस कशाची हेही कुणी धड सांगत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे. तो लैंगिक संपर्कातून पसरतो. बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींमध्ये ठाण मांडतो आणि त्यातल्या काहींना पंधरा-वीस वर्षांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. यातले १६ आणि १८ क्रमांकाचे मुख्य प्रकार हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३-८४ मध्ये शोधले. त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. आधीच झालेला संसर्ग लस घालवू शकत नाही, म्हणून ९ ते १४ हे वय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणखी सोपं: लसीत जिवंत विषाणू नसतोच, त्याच्या कवचासारखं प्रथिन तेवढं असतं. पण सरकारी सुई म्हटलं की नसबंदी आठवणं हे आणीबाणीपासूनचं आहे, त्या बायकांना हसण्यात अर्थ नाही.

खरी अढी बसली ती २००९ मध्ये. भारतात लसीला परवानगी मिळून वर्षच झालं होतं. 'पाथ' या अमेरिकी संस्थेने आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राज्य सरकारांसोबत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला १० ते १४ वर्षांच्या मुलींना लस द्यायला सुरुवात केली. खम्मममधल्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. लस घेतलेल्यांपैकी सात मुली दगावल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्राने काम थांबवलं. चौकशीत सर्पदंश, बुडणं, कीटकनाशक पिणं, मलेरिया अशी कारणं निघाली. लसीशी संबंध आढळला नाही.

सापडलं ते संमतिपत्रांत. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार खम्मममधल्या ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ वर नुसते अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. आईबाप गावाकडे, मुलगी वसतिगृहात, आणि सही तिसऱ्याचीच. लोकांच्या लक्षात मात्र राहिलं 'लसीने मुली मेल्या' एवढंच. माझ्या मते लस निर्दोष ठरली, पण ती देणारे नाही. आणि हा फरक समजावून सांगायची तसदी पुढे कुणी फारशी घेतली नाही.

याच बंदीत एक वेगळा अभ्यासही अडकला. दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघायला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने देशात नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या अविवाहित मुली निवडल्या होत्या. त्यात पुणे होतं आणि सोलापूर जिल्ह्यातलं बार्शीही. बार्शीला हा विषय नवा नव्हता. तिथल्याच कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला होता. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्यांच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आयांची पाहणी आधी झाली, मग मुलींची लस आली.

बंदी आली तेव्हा १७,७२९ मुलींना लस सुरू झाली होती आणि त्यातल्या ४,९४९ जणींचा एकच डोस झाला होता. संशोधकांनी यादी गुंडाळून ठेवली नाही. मुलगी लग्न होऊन सासरी गेली की दीड वर्षाने, किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा तिचा नमुना घ्यायचा. 'पोरगी नांदायला गेली' म्हटल्यावर नवा पत्ता शोधायचा, सासूच्या कानावर घालायचं, हे काम वर्षानुवर्षं चाललं. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण दिलं होतं, तीन डोसांनी ९३.३ टक्के. म्हणजे तेवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यात या अपघाताने घडलेल्या गटाचा वाटा होता. तोवर सिक्कीमने २०१८ मध्ये शाळाशाळांतून, आधी पालकांशी बोलून, जवळपास सगळ्या मुलींना लस दिलीही होती. पुण्याच्या सीरम कंपनीची 'सर्व्हाव्हॅक' ही एचपीव्ही लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली.

२००९ मध्ये यादीत नाव लागलेल्या सगळ्यात मोठ्या मुली आता तिशी ओलांडून गेल्या. त्यांच्यापैकी कुणाकुणाच्या लेकी आज पाचवी-सहावीत असतील.