गड्ड्यातला फोटो माझाच, मग कॉपीराइटचा अर्ज कशाला?

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत आमच्या वर्गातल्या एका मुलीने काठ्यांच्या (नंदीध्वजांच्या) मिरवणुकीचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला. आठवड्याभरात तो एका दुकानाच्या फ्लेक्सवर झळकला, कोपऱ्यातलं तिचं नाव कापून. "सर, फोटो माझा हाय की ओ, पण मी कुठं कॉपीराइट काढलाय?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

कॉपीराइट काढावा लागत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार फोटो टिपला, कविता लिहिली, चाल बांधली की हक्क त्याच क्षणी तुमचा. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. नुसती कल्पना, शीर्षक किंवा टॅगलाइन मात्र यात बसत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. तिचा फायदा एवढाच की वाद कोर्टात गेला तर रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. या मुलीचं काम कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलवरच भागलं. ती दाखवल्यावर फ्लेक्स उतरला. प्रत्येक पोस्टसाठी पैसे घालू नका. लघुपट, कवितासंग्रहाचं हस्तलिखित, सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट असेल तर जरूर नोंदवा.

अर्ज रचनाकार करू शकतो, त्याच्याकडून लेखी हक्क घेतलेला करू शकतो, किंवा वारस. कॉलेजचा प्रोजेक्ट तुमचा, कारण तुम्ही कॉलेजचे नोकर नाही. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. आणि लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी नीट वाचा: पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचा हक्क, उलट काही ठरलेलं नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याचा होतो. वयाची अट नाही, पण १८ वर्षांखालच्याने केलेला करार कायद्याने टिकत नाही. तिथे पालक हवेत.

अर्ज ऑनलाइन, दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाच्या साइटवर: कॉपीराइट डॉट जीओव्ही डॉट इन. खातं उघडून फॉर्म १४ आणि त्यासोबतची तपशीलपत्रकं भरायची. जवळ ठेवा: स्कॅन केलेली सही, कृतीची प्रत, अर्जदार रचनाकार नसेल तर रचनाकाराचं ना हरकत पत्र, कृती छापली गेली असेल तर प्रकाशकाचं, फोटोत कुणाचा चेहरा असेल तर त्याचं. वकिलामार्फत केलात तर वकीलपत्र. प्रत्येक कृतीला वेगळा अर्ज. साहित्य, संगीत, चित्र, फोटो यांना ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २०००, चित्रपटाला ५०००. फी परत मिळत नाही.

पैसे भरले की डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, येतो. त्यानंतर ३० दिवस कुणाची हरकत येते का याची वाट पाहतात, मग तपासणी. त्रुटीचं पत्र आलं तर ३० दिवसांत उत्तर द्यायचं. मुलं नेमकी इथेच गाफील राहतात. फॉर्म भरताना मित्राचा ईमेल टाकलेला असतो!

आता खास आपल्या गावची गोष्ट. चादरीसाठी किंवा टॉवेलसाठी नक्षी काढणाऱ्यांनो, कागदावरचं चित्र नुसतं कॉपीराइटखाली नोंदवून निश्चिंत होऊ नका. नोंदवण्याजोगं डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवलं नाही आणि मागावर त्याचे ५० पेक्षा जास्त नग निघाले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. ती नोंदणी १० वर्षांची, पुढे ५ वर्षं वाढते. पण नक्षी बाजारात किंवा स्टेटसवर जायच्या आधी अर्ज हवा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे मालाच्या नावाला त्या गावाशी जोडणारी नोंद) आहे म्हणतात मुलं. ते 'सोलापुरी चादर' या नावाला आहे, तुमच्या नक्षीला नाही.

उलट फोटो लोकांनी वापरावा असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे 'या अटींवर कुणीही वापरा' असं सांगणारा तयार परवाना. त्याला ना अर्ज, ना फी. फोटोखाली परवान्याचं नाव आणि दुवा द्यायचा. 'बीवाय' म्हणजे माझं नाव द्या, 'एसए' म्हणजे बदललेली कृतीही याच परवान्याने द्या, 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नको. विकिपीडियासाठी विकिमीडिया कॉमन्सवर (तिथले फोटो जिथे साठवतात ती साइट) टाकायचा असेल तर 'एनसी' चालत नाही. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून आमची मुलगी अजून विचारच करतेय: विकिपीडियावर काठ्यांचा फोटो तर हवाय, पण 'बीवाय' लावला की नाव छापून तोच दुकानदार पुन्हा फ्लेक्स लावू शकतो.