फॉर्मला 'शिंदे' का चालत नाही?

शेजारच्या शिंदेकाकू मध्यंतरी मोबाइल घेऊन आल्या. एका ऑनलाइन अर्जात त्यांनी मराठीतून आडनाव भरलं होतं आणि चौकटीखाली लाल अक्षरं उमटली होती, 'कृपया योग्य नाव भरा.' "चाळीस वर्षं हेच लावतेय की रे मी!" काकू वैतागल्या.

मी गंमत म्हणून 'कदम' टाकून पाहिलं. चाललं! 'भगत'ही चाललं. 'पवार' अडकलं. मग उलगडा झाला.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक जगभरच्या लिप्यांसाठी वापरतो त्या चिन्हांच्या यादीत, 'शिंदे' पाच चिन्हांचं बनतं: श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा. यांतली दोनच 'अक्षर' या गटात येतात; उरलेल्या तिघांचा गट वेगळा, अक्षराला चिकटणाऱ्या खुणांचा. 'नावात फक्त अक्षरं हवीत' असा नियम लिहिणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसणार. त्यामुळे काना-मात्रा नसलेले कदम आत आणि शिंदे बाहेर.

नियम कडक असूच नयेत असं नाही. पॅनचा साचा ठरलेला आहे: पाच इंग्रजी अक्षरं, चार अंक, शेवटी एक अक्षर. चौथ्या अक्षरावरून धारक कोण ते कळतं. व्यक्ती असेल तर 'पी', कंपनी असेल तर 'सी'. इथे साच्याबाहेरचं काही आलं की खुशाल अडवावं. पण साचा जुळला म्हणजे नंबर बरोबर, असं थोडंच आहे? टाइप करताना दोन अंकांची अदलाबदल झाली तर साचा जसाच्या तसा राहतो.

त्यासाठी काही क्रमांकांत शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो. बँक कार्डांवर संगणकतज्ज्ञ लुन यांची पद्धत वापरतात. उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करायचा, दुप्पट दोन आकडी आली तर तिचे अंक मिळवायचे आणि सगळ्यांच्या बेरजेला १० ने भाग गेला पाहिजे. मात्र ०९ चे ९० झाले तर ही पद्धत फसते, कारण ९ ची दुप्पट १८ आणि १ अधिक ८ पुन्हा ९. बेरीज हलतच नाही. डच गणिती याकोबुस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत शेजारच्या अंकांची कुठलीही अदलाबदल पकडते; 'आधार'चा बारावा अंक तिच्यावरच बेतलेला आहे. अर्थात हा क्रमांक खरोखर कुणाला दिलाय का, हे नोंदवहीत पाहिल्याशिवाय कोणतंही गणित सांगू शकत नाही.

ही तपासणी ब्राउझरमध्ये झाली तर चूक लगेच दिसते, सबमिट करून वाट पाहावी लागत नाही. पण ती केवळ भरणाऱ्याच्या सोयीची. ब्राउझर भरणाऱ्याच्या हातात असतो. त्यातली तपासणी बंद करून, किंवा ब्राउझर टाळूनच, हवं ते सर्व्हरकडे, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या संगणकाकडे, पाठवता येतं. म्हणून तेच सगळं सर्व्हरवर पुन्हा तपासावं लागतं. हा दुसरा फेरा वाचवणारे अजूनही भेटतात, याचं मला नवल वाटतं.

काही जण उलट अतिसावध. डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत अवतरणचिन्हातून कुणी स्वतःची आज्ञा घुसवेल, या भीतीने ते चिन्हच बंद करतात. मग बिचारा ओ'ब्रायन अडकतो. भीती खरी आहे, उपाय चुकीचा. आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे वेगवेगळी पाठवली की नावातलं चिन्ह नुसतं चिन्ह उरतं.

नावाच्या चौकटीत खरं तर फार काही तपासू नये. रिकामी नसावी, आगेमागे पडलेल्या मोकळ्या जागा काढाव्यात, लांबीची मर्यादा सढळ असावी. आणि ती बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या एककात, मोजणार असाल तर लक्षात असू द्या: यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत रोमन लिपीतलं 'शिंदे' ६ बाइटचं, देवनागरीतलं १५ बाइटचं.

काकूंच्या फॉर्ममध्ये 'खुणा'ही चालतील एवढी भर घातली की शिंदे, पवार आत येतील. कऱ्हाडे मात्र कदाचित अडकतील. त्यांचा 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह येतं, जे अक्षरही नाही आणि खूणही नाही. पडद्यावर दोन्ही कऱ्हाडे अगदी सारखे दिसतात.