कापसाच्या गाठीखाली सोयाबीन

दर हिवाळ्यात एखाद्या सकाळी बातमी येते की मेळघाटात पारा घसरला आणि चिखलदऱ्याच्या आसपास दवबिंदू गोठले. सोबत गवतावरच्या पांढऱ्या थराचा फोटो असतो आणि दुपारपर्यंत तोच फोटो 'विदर्भात बर्फवृष्टी' असं नाव घेऊन मोबाइलवर फिरू लागतो. बर्फ वरून पडलेलाच नसतो. उलट आभाळ भरलेलं असेल तर असा थर बहुधा धरतच नाही.

गावाकडे याला दहिवर म्हणतात. ओल्या थेंबांनाही दहिवर आणि गोठलेल्या पांढऱ्या थरालाही दहिवरच. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री गवताचं पातं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतं. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पेटीत टांगलेला असतो. त्यात ३ अंश दिसत असताना खाली पातं शून्याखाली गेलेलं असू शकतं. थेंब आधी बनून मग गोठला तर काचेसारखा मणी होतो. हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फ झाली तर पांढरी, काटेरी पिसं उगवतात. आपल्याकडे तुरीचा फुलोरा जळण्यापुरतीच याची धास्ती. हिमालयात हीच पिसं हिमस्खलन घडवून माणसं मारतात.

पर्वतात बचावाचं आणि बर्फापासून सुरक्षित राहायचं शिकवण्याचं काम करणाऱ्या बाईची सॅक उघडली, तर दोर आणि कुऱ्हाडीखाली फावडं, बर्फ कापायची करवत, भिंग, मिलिमीटरच्या चौकटी आखलेली पट्टी आणि तापमापक निघेल. दोरावर लटकतानाचेच फोटो छापून येतात, पण तिचा बराच वेळ खड्डा खणून त्याच्या भिंतीत दहिवर शोधण्यात जातो.

हे दहिवर दोन ठिकाणी सापडतं. एक बर्फाच्या पृष्ठभागावर, अगदी आपल्या गवतावर येतं तसंच. वारा किंवा ऊन लागलं तर ते मोडतं. त्याआधीच नवा बर्फ पडला तर पिसांचा उभा थर गाडला जातो आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो. दुसरं दहिवर बर्फाच्या पोटात, तळाशी तयार होतं. खरी गंमत तिथे आहे.

बर्फ पांघरुणासारखा असतो. त्याच्याखालची जमीन थंडीतही शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग मात्र लडाखसारख्या ठिकाणी रात्री उणे १५ अंशांवर सहज जातो. बर्फाचा थर दीड मीटर जाड असेल, तर १५ अंशांचा फरक दीड मीटरमध्ये वाटला जातो, म्हणजे मीटरला १० अंश. तोच थर ५० सेंटिमीटरचा असेल तर मीटरला ३० अंश होतात. आता शाळेतलं बाष्पदाबाचं प्रकरण आठवा. शून्य अंशाच्या बर्फावर वाफेचा दाब ६११ पास्कल असतो, उणे १५ अंशांच्या बर्फावर साधारण १६५. बर्फाच्या कणांमधल्या पोकळ्यांतून ही वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे खालून वर निघते. वाटेत प्रत्येक कणाचा माथा झिजून वाफ होतो आणि ती वाफ त्याच्या वरच्या कणाच्या, त्याहून थंड असलेल्या बुडाला चिकटते. असा अख्खा थर आतल्या आत मोडून पुन्हा बांधला जातो. वरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही.

हा व्यवहार संथ असेल तर कण गोल होतात आणि एकमेकांना चिकटतात. दोन कणांमध्ये बर्फाची मान तयार होते आणि थर मजबूत बनतो. फरक मीटरला साधारण १० अंशांच्या पुढे गेला की वाढ घाईची होते. कणांना कडा आणि कोपरे फुटतात, पुढे रेघा असलेले पोकळ पेले तयार होतात, २ ते १० मिलिमीटरचे. त्यांच्या माना झिजलेल्या असतात. असा बर्फ मुठीत दाबला तर गोळा होत नाही, जाड साखरेसारखा बोटांतून गळतो.

म्हणजे 'यंदा बर्फ कमी आहे, धोका कमी' हा हिशेब उलटा पडतो. कडाक्याच्या थंडीत पातळ थराच्या पोटातच हे दहिवर जोमानं वाढतं. त्यावर नंतर मोठा बर्फ पडला की सापळा तयार.

जिनिंगमध्ये सुट्या कापसाचा ढीग उभाच्या उभा राहतो, कारण तंतू एकमेकांत गुंततात. सोयाबीनचा ढीग तसा राहत नाही, दाणे घसरून पसरतात. ताज्या बर्फाच्या चांदण्या म्हणजे सुटा कापूस. वारा त्यांचे हात मोडतो, त्यांना ठासतो आणि उताराच्या आडोशाच्या बाजूला त्याची गाठ बांधतो. या गाठीखाली सोयाबीन पसरलेलं असेल आणि खालची फळी तिरकी असेल, तर पुढे काय होणार हे विदर्भातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की बर्फाचे दाणे आधी उभे असतात. माणसाच्या पायाखाली ते एका जागी बसतात, 'धप्प' असा दबका आवाज येतो आणि ते बसणं शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या दाण्यांपर्यंत धावत जातं. क्षणात अख्ख्या उताराची लादी सुटते. असा आवाज पायाखाली आला तर उतारावरून ताबडतोब, आलेल्या वाटेनं मागे फिरायचं.

उताराचा कोन साधारण ३० ते ४५ अंश असेल तर धोका सर्वात जास्त. २५ च्या खाली लादी क्वचितच सुटते. ६० च्या पुढे बर्फ साचतच नाही, थोडाथोडा गळत राहतो. कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला एक नट पुरतो. सपाटीवर उभे आहोत म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. वरच्या उतारावरून सुटलेली लाट खाली दूरवर येते.

ओरडल्यानं हिमस्खलन होतं, हे सिनेमातलं शास्त्र. जवळून मारलेल्या आरोळीचा दाब २ पास्कलच्या आसपास भरतो, तर चालणाऱ्याच्या वजनानं पुरलेल्या थरावर येणारा दाब हजार पास्कलच्या घरात. देवाचा कोप म्हणणाऱ्यांनीही एकदा पाहावं की बहुतेक अपघातांत लादी सोडवणारा पाय सापडलेल्याचा किंवा त्याच्याच सोबत्याचा असतो.

खड्ड्यातली तपासणी अशी. जिथे जायचंय तशाच तोंडाच्या पण सुरक्षित उतारावर दीडेक मीटर खणायचं. सावलीतल्या भिंतीत दर १० सेंटिमीटरला तापमान घ्यायचं. लगतच्या दोन नोंदींत एका अंशाहून जास्त फरक असेल तर तिथे भिंग लावायचं. मग करवतीनं ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब चारी बाजूंनी सुटा करायचा. त्यावर फावड्याचं पातं ठेवून १० टपल्या मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून मारायच्या. कितव्या टपलीला तुटलं यापेक्षा कसं तुटलं हे महत्त्वाचं. ओबडधोबड तुटलं तर बरं. ड्रॉवर निसटावा तसा गुळगुळीत तुकडा पुढे आला तर त्या उताराचा विचार सोडायचा. खांब टिकला म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, वीस मीटरवर गोष्ट वेगळी असू शकते. नवशिके नेमके इथेच फसतात.

शिकवणाऱ्यांनाही हे डोंगर सूट देत नाहीत. सविता कंसवाल यांनी मे २०२२ मध्ये १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर केले. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत त्या प्रशिक्षक होत्या. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी 'द्रौपदी का डांडा' शिखरावर प्रशिक्षणार्थींसोबत असताना हिमस्खलनात त्या गेल्या. त्या लाटेनं एकूण २९ जणांचा बळी घेतला.

गाडला गेलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढला तर साधारण दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासानं तिघांतला जेमतेम एक. तोंडापुढे श्वासाच्या ओलाव्याचा बर्फाळ मुखवटा बनतो आणि माणूस स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढत राहतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमध्ये लान्स नायक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण तेही तीन दिवसांनी गेले. त्या अपवादावर योजना आखता येत नाही. हेलिकॉप्टर १० मिनिटांत पोचत नाही, वेळेत पोचणारा एकटा सोबती. म्हणून बचावाच्या कामातला मोठा वाटा शिकवण्यातच जातो.

प्रत्येकाच्या अंगावर बीकन, म्हणजे रेडिओ-संकेताचं छोटं यंत्र, हवा. तो ४५७ किलोहर्ट्झवर संकेत सोडतो आणि शोधतानाही तोच वापरतात. मोबाइल, चुंबकाची बटणं आणि हेडलाइट त्यापासून दूर, शोधताना निदान अर्धा मीटर. उरलेल्या सगळ्यांनी आधी आपला बीकन 'शोध'वर टाकायचा, नाहीतर आपलाच संकेत ऐकत बसाल. चुंबकीय रेषा वाकड्या असतात, त्यामुळे बाण सरळ नेत नाही, कमानीसारखा नेतो. शेवटच्या ३ मीटरमध्ये यंत्र बर्फालगत धरून, हळू, आडवं-उभं फिरवायचं. अंतराचा सर्वात कमी आकडा जिथे येईल तिथून २५ सेंटिमीटरच्या अंतरानं गोलगोल प्रोब, म्हणजे लांब सळई, खुपसायचा, उताराला काटकोनात. लागला की काढायचा नाही. हातावर नारळ उभा करून विहिरीची जागा सांगणारे पाणाडे आपल्याकडे आहेत. बीकन हा त्यातला प्रकार नाही, एवढं सांगून पुढे जाऊ.

खणताना सगळे डोक्यावर उभे राहतात. असलेली पोकळीही त्यानं बसते. प्रोबच्या उताराच्या बाजूला, गाडल्याच्या खोलीइतकं किंवा दीडपट खाली सरकून आडवं आत शिरायचं. एक मीटर खोलीसाठीही टनभराहून अधिक बर्फ हलवावा लागतो, म्हणून एकामागे एक उभं राहून तो मागे ढकलायचा, फेकायचा नाही. चेहरा सापडताच आधी तोंड आणि नाक मोकळं करायचं, पाय नंतर.

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले, त्यांत मनीषा धुर्वे होती. त्यामुळे इथल्या मुलीला बर्फ परका, ही सबब आता चालायची नाही. उत्तरकाशीला २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम 'ए' श्रेणीत पार करायचा, मग तेवढ्याच दिवसांचा प्रगत, आणि त्यानंतर शोध-बचाव आणि प्रशिक्षक होण्याचे वेगळे अभ्यासक्रम. 'ए' हुकली की पुढची वाट अडते.

तोवर वर्गात करण्यासारखं एक काम. दोन फळ्यांवर गोणपाट ताणून बसवा. एकीवर चाळणीनं ३ सेंटिमीटर मैदा पसरा आणि हलका दाबा. दुसरीवर आधी एक सेंटिमीटर जाड साखर, मग तसाच मैदा. दोन्हींची खालची कड मोकळी ठेवा, नाहीतर मैदा अडून राहील. फळ्या हळूहळू उचला, कोनमापकावर आकडा वाचा. साखरवाली आधी सुटेल, तीही अखंड लादीनं. मग फळी पुसून साखर आणि मैदा पुन्हा तसेच मांडा आणि यावेळी मैद्याच्या मधोमध बोट दाबून बघा, भेग किती लांब पळते ते.