अमेरिकेतली वार्षिक प्रायव्हसी नोटीस : सूट कोणाला आणि फाइलमध्ये काय हवं

ग्राहकाची खासगी माहिती कोणाला दिली जाते, हे अमेरिकेतल्या बँका आणि इतर वित्तसंस्था त्याला प्रायव्हसी नोटिशीने कळवतात. ही नोटीस दरवर्षी पाठवण्यातून संस्थेला सूट हवी असेल तर अर्ज कुठे करायचा? कुठेच नाही. फॉर्म नाही, फी नाही, मंजुरीचं पत्रही नाही. पुढे दिलेल्या दोन्ही अटी पुऱ्या होत असतील तोवर सूट लागू, एक मोडली की गेली. ती गेल्याचं कळवायलाही कोणी येत नाही, आणि गडबड नेमकी इथेच होते.

ही नोटीस आली १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्यातून. ४ डिसेंबर २०१५ रोजी फास्ट कायदा झाला. तो मुळात रस्ते-वाहतुकीच्या निधीचा, पण ही सूट देणारं कलम त्यातच घातलं गेलं. बँका आणि बिगर-बँक कर्ज कंपन्यांसाठी सीएफपीबीने (ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाची केंद्रीय संस्था) रेग्युलेशन पी हा आपला प्रायव्हसी नियम त्यानुसार बदलला, तो बदल १७ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शेअर दलालांचे नियम एसईसी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे असतात. त्यांच्या रेग्युलेशन एस-पीमध्ये हा बदल यायला २०२४ उजाडलं.

पहिली अट : ग्राहकाची खासगी माहिती समूहाबाहेरच्या कंपन्यांना फक्त रेग्युलेशन पीच्या कलम १०१६.१३, १०१६.१४ आणि १०१६.१५ च्या अपवादांतच दिली जावी. स्टेटमेंट छापणारा कंत्राटदार, दुसऱ्या वित्तसंस्थेबरोबर लेखी कराराने केलेलं संयुक्त मार्केटिंग, व्यवहार पुरे करणं, क्रेडिट ब्युरो, फसवणूक रोखणं, कोर्टाचा आदेश, हे सगळं त्यात बसतं. यादी विकणं बसत नाही. थोडक्यात, ग्राहकाला ऑप्ट आउटचा, म्हणजे ‘माझी माहिती देऊ नका’ असं सांगण्याचा, हक्क द्यावा लागेल अशी देवाणघेवाण नको. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली (क्रेडिट अहवालांचा कायदा) समूहातल्या कंपनीला माहिती दिल्याने मात्र ही अट मोडत नाही. या मुद्द्यावर विनाकारण घाबरणारे बरेच असतात.

दुसरी अट : शेवटच्या नोटिशीत माहिती देण्याबद्दल जे लिहिलं, ते धोरण आणि तो व्यवहार आजही तसाच हवा. डेटा सुरक्षेची पद्धत बदलली तर सूट जात नाही.

तपासनीस विचारेल तेव्हा दाखवायला फाइलमध्ये शेवटच्या नोटिशीची तारखेसह प्रत ठेवा. माहिती ज्यांना जाते त्या प्रत्येक व्हेंडरची यादी करा, प्रत्येकापुढे कोणता अपवाद लागू होतो ते लिहा आणि करारातलं गोपनीयतेचं कलम जोडा. यादी वर्षातून एकदा तपासून सही-तारीख टाका. कायदा असं रजिस्टर मागत नाही, पण ते नसेल तर सूट सिद्ध कशाने करणार?

बिघाड बहुधा मार्केटिंग खात्यातून सुरू होतो. नवा भागीदार जोडला जातो, कम्प्लायन्सला, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या खात्याला, काही महिन्यांनी कळतं. बाहेरच्या कंपनीला अपवादांपलीकडची माहिती द्यायची असेल, तर आधी सुधारित नोटीस पाठवावी लागते आणि ऑप्ट आउटसाठी वाजवी मुदत द्यावी लागते. टपालाने पाठवली तर ३० दिवस वाजवी धरले जातात. त्यानंतर वार्षिक नोटिशींचं चक्र पुन्हा सुरू. सुधारित नोटीस लागत नाही असा बदल असेल, उदाहरणार्थ जुन्या नोटिशीत नसलेल्या समूहातल्याच कंपनीला माहिती देणं, तर बदल लागू झाल्यापासून १०० दिवसांत वार्षिक नोटीस गेली पाहिजे. ती गेली आणि दोन्ही अटी पुन्हा जुळल्या, की सूट परत मिळते.

सूट फक्त वार्षिक नोटिशीला आहे. ग्राहक जोडताना द्यायची पहिली नोटीस द्यावीच लागते. तिच्यासाठी २००९ चा नमुना फॉर्म वापरावा, शब्द न बदलता. तसा वापरला तरच त्याचं कायदेशीर संरक्षण मिळतं. राज्यांचे कायदेही वेगळे बघावे लागतात. कॅलिफोर्निया आणि व्हर्माँटमध्ये बाहेरच्यांना माहिती देण्याआधी साधारणपणे ग्राहकाची संमतीच लागते.

अमेरिकेत खातं असलेल्या मराठी वाचकांसाठी : नोटीस येणं बंद झालं म्हणून हक्क संपले असं नाही. पूर्वी केलेलं ऑप्ट आउट तुम्ही स्वतः मागे घेईपर्यंत चालू राहतं. जिथे हा हक्क आहे तिथे तो कधीही वापरता येतो आणि जॉइंट खात्यात एकानेही वापरला तरी चालतो. त्यासाठी स्वतः पत्र लिहून पाठवणं हा एकच मार्ग बँकेने ठेवला असेल, तर तो नियमात बसत नाही. टोल-फ्री नंबर किंवा खुणेचे चौकोन असलेला फॉर्म मागा.