जवसाचा लॉट आणि जीएमची भेसळ: तपासणीला नमुना देण्याआधी

भारतात जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, जवसाच्या एकाही वाणाला लागवडीची परवानगी नाही. तरीही माल निर्यातीला किंवा मोठ्या बेकरीला जाणार असेल, तर खरेदीदार ‘जीएम नाही’ असा लॅबचा दाखला मागतो. हा दाखला का लागतो आणि तो मिळवताना माल कुठे अडकतो, ते इथे दिलं आहे.

कारण आहे कॅनडातलं. सस्कॅचवान विद्यापीठाच्या पीक विकास केंद्रात ‘सीडीसी ट्रिफिड’ नावाचं जवस तयार झालं. त्याची नोंद एफपी967 अशी. गव्हावर मारलेलं सल्फोनिलयुरिया गटातलं तणनाशक तिथल्या कोरड्या जमिनीत दीर्घकाळ टिकतं आणि पुढच्या हंगामात जवस जळतं. ट्रिफिड त्या उरलेल्या तणनाशकाला दाद देत नसे. 1996 मध्ये त्याला लागवडीची व पशुखाद्याची आणि 1998 मध्ये मानवी आहाराची मान्यता मिळाली. पण युरोपने ते कधी मंजूर केलं नाही, आणि कॅनडाच्या जवसाचं मुख्य गिऱ्हाईक युरोपच होतं. शेतकऱ्यांनीच हे वाण नको म्हणून आग्रह धरला आणि 2001 मध्ये नोंदणी रद्द झाली. बीजोत्पादनातलं सुमारे 2 लाख बुशेल, म्हणजे साधारण 5,000 टन बियाणं गोळा करून तेलासाठी गाळून टाकलं.

विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. सप्टेंबर 2009 मध्ये जर्मनीत पावात आणि न्याहारीच्या धान्यात तेच एफपी967 सापडलं. युरोपातली 0.9 टक्क्याची सवलत फक्त मंजूर जीएमला असते. नामंजूर वाणाला शून्य. माल बंदरांवर अडकला, भाव कोसळले. ज्यांनी ट्रिफिड कधी पेरलं नव्हतं त्यांनाही तपासणीचा खर्च, कोठारांची सफाई आणि पडलेला भाव सोसावा लागला. 2010 च्या सुरुवातीला ‘सीडीसी नॉर्मंडी’ आणि ‘सीडीसी मॉन्स’ या वाणांच्या पैदासकार बियाण्यातच, म्हणजे ज्यातून पुढचं सगळं बियाणं वाढवतात त्यातच, ट्रिफिडचा अंश निघाला. म्हणजे भेसळ उगमापाशीच होती, आणि घरचं बियाणं वर्षानुवर्षं राखणाऱ्याला ती कळायची सोय नव्हती. स्वच्छ ठरलेल्या बियाण्यातून पुन्हा वाढवलेली ‘बेथून’, ‘सॉरेल’, ‘सँक्च्युअरी’ ही वाणं 2014 मध्ये आली.

यातून एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जवस स्वपरागी आहे. परपरागण साधारण 5 टक्क्यांच्या आतच. शेजारच्या शेतातल्या परागाची भीती घालणारे बरेच भेटतील. खरा प्रवास पोत्यातून, पेरणीयंत्रातून आणि चाळणीतून होतो. दाणा चपटा, गुळगुळीत; पाण्यासारखा वाहतो आणि पत्र्याच्या जोडात, एलिव्हेटरच्या बुडात, ट्रकच्या फळ्यांमध्ये जाऊन बसतो.

नमुना कसा काढायचा

तपासणी 10,000 दाण्यांत एक जीएम दाणा सापडावा अशा बेताने, म्हणजे 0.01 टक्क्यावर होते. कॅनडाच्या जवसाचे 1,000 दाणे 6 ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे 60 ग्रॅमला सुमारे 10,000 दाणे. एवढ्यात तो एक दाणा असण्याची शक्यता फक्त 63 टक्के. 60 ग्रॅमचे चार भाग वेगवेगळे तपासले तर ती 98 टक्क्यांवर जाते. आपल्याकडचं टपोरं जवस 8 ग्रॅमचं असेल तर तेवढ्याच वजनात दाणे कमी बसतात, तेव्हा 80 ग्रॅमचे चार भाग, म्हणजे नमुना 320 ग्रॅमचा धरा. मूठभर जवस पुडीत बांधून आणलं तर त्याचा निकाल मूठभर जवसापुरताच.

माल चाळणीवरून पोत्यात पडत असताना ठरावीक अंतराने धारेतून थोडं थोडं घ्या. एकूण 2 किलो जमलं पाहिजे. ते ताडपत्रीवर मिसळून ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा. त्यातलं अर्धं लॅबला, अर्धं सील करून लॉट क्रमांकासह तुमच्याकडे. पुढे वाद झालाच तर हीच पिशवी कामाला येते.

लॅबला काय विचारायचं

नेहमीची जीएम चाचणी 35एस नावाचा डीएनएचा तुकडा शोधते, तो बऱ्याच जीएम पिकांत असतो. ट्रिफिडमध्ये तो नाहीच, त्यामुळे फक्त ही चाचणी करून मिळालेला ‘नाही’ निरुपयोगी. एफपी967 ची खास चाचणी लेखी मागा.

उलटा घोळ विदर्भात जास्त संभवतो. त्याच घाण्यात किंवा गोदामात सरकी असेल तर बीटी कपाशीची (तीही जीएमच) भुकटी जवसात येते आणि 35एस ‘आहे’ निघतं. जवस निर्दोष असूनही लॉट अडतो. सरकी, सोयाबीनच्या पेंडीची पोती जवसाला वापरू नका. वापरलेला बारदाना झटकून भागत नाही.

नमुना तेलाचा नको, दाण्याचा द्या. तेलात डीएनए जवळपास उरत नाही. दाण्यातला चिकट अंशही डीएनए काढताना आडवा येतो, म्हणून जवस नेहमी तपासणारी लॅब निवडा.

बियाणं आणि आयात माल

पेरणीसाठी पिशवीबंद प्रमाणित बियाणं घ्या. टॅग आणि पावती माल विकेपर्यंत जपा. किराणा दुकानातलं जवस पेरू नका, त्याचा उगम कुणालाच सांगता येत नाही. आयात जवसाला 1 मार्च 2021 पासून जीएम नसल्याचा दाखला लागतो, पण त्यात 1 टक्क्यापर्यंत अनाहूत भेसळ चालते. देशात विकायला ते पुरेसं आहे. युरोपला जाणाऱ्या मालात असं जवस मिसळलं, तर 0.01 टक्क्यावरच लॉट परत येऊ शकतो. मळणी, सफाई आणि भरणी यांच्या आधी यंत्र रिकामं चालवा, हवेने झाडा आणि पहिलं पोतं वेगळं काढून घाण्याला द्या.